सातव्या क्रमांकाची काच

"घरच्या माणसाला कुलूप लावतात का?" सासूबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि या खेपेला चमचा बशीवर आपटून.

"माणसाला नाही लावलं, आई. खोलीला लावलंय."

"त्या खोलीत झोपत कोण होतं? माझा धाकटा. तोंड धुवायला काय गेला, येऊन बघतो तर दाराला कुलूप. बॅग बाहेर, चप्पल बाहेर, उशीसुद्धा बाहेर. इतकं नीटनेटकं तर कुणी चोरालाही हाकलत नाही."

सुनेने किल्ली चष्म्याच्या डबीत टाकली, डबी पर्समध्ये टाकली आणि पर्स मांडीवर घेतली.

नवरा गेली दहा मिनिटं वर्तमानपत्राच्या एकाच पानावर अडकला होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरातल्या भांडणात कायम सीमारेषेवर उभा राहायचा. अकरावीतली लेक दूध संपलं तरी पेला तोंडाला लावून बसली होती, कारण उठलं असतं तर पुढचं ऐकायला मिळालं नसतं. आणि ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं तो दीर ओल्या केसांनी, उशी मांडीवर घेऊन कोचावर बसला होता.

"जाऊ दे, आई. मला काही वाटलं नाही," तो म्हणाला.

त्यामुळे सासूबाई आणखीच पेटल्या. सुनेला मात्र तेच वाक्य टोचलं. काही वाटलं कसं नाही? मागे एकदा त्याच्याआधी भावाला वाढलं, तर हा माणूस दोन दिवस फुगून बसला होता. आज उशीसकट बाहेर काढला तरी काही वाटलं नाही? कुठेतरी पाणी मुरत होतं.

संशय हा तिचा स्वभाव की पेशा, हे आता घरात कुणालाच सांगता आलं नसतं. पेटंट कार्यालयात ती परीक्षक होती. चोवीस वर्षं झाली. तिच्या वाट्याला काच यायची: कॅमेऱ्याच्या, दुर्बिणीच्या, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांची काच. लग्नानंतर सात-आठ वर्षं सासूबाईंना तिचं काम नेमकं काय ते कळलंच नव्हतं. शेवटी दिरानेच समजावलं होतं, "आई, लोक हौसेने सांगायला येतात, आम्ही नवीन काहीतरी केलंय. आणि वहिनी त्यांना सांगतात, नाही केलंत." चेष्टेत म्हटलं होतं, पण इतक्या थोडक्यात तिला स्वतःलाही ते सांगता आलं नसतं.

भिंगाची काच म्हणजे शेवटी एक पाककृतीच. वाळू इतकी, जस्ताचं भस्म इतकं, बोरॉन इतकं, लॅन्थॅनम नावाचं एक जड द्रव्य इतकं. सगळं भट्टीत वितळवायचं आणि सावकाश थंड करायचं. अर्जदार प्रत्येक घटकाला कुंपण घालतो. लॅन्थॅनम वजनाने शंभरात चाळीस ते सेहेचाळीस, बोरॉन अठ्ठावीस ते तेहेतीस, असं. आणि म्हणतो, या कुंपणाच्या आतली जागा माझी. तिथे आधी कुणाचं पाऊल पडलंय का, एवढंच तिने बघायचं. जगात कुठेही, कुठल्याही भाषेत, कितीही जुना एक कागद सापडला आणि त्यातली एक काच सगळ्या कुंपणांच्या आत बसली, की नावीन्य संपलं. मात्र कागद एकच हवा. अर्धी काच या कागदातून, अर्धी त्या कागदातून, असं ठिगळ लावून नावीन्य खोडता येत नाही.

अर्जदारही काही दूधखुळे नसत. कुणी म्हणे, आमची काच साच्यात तापवून दाबली तरी धुरकट होत नाही, हे आधी कुणी लिहिलंय का? ती उत्तर देई, नसेल लिहिलं. पण घटक तेच, प्रमाण तेच, तर काच तीच, आणि ती तेव्हाही धुरकट होत नसणार. कुणी दोन घटकांची बेरीज करून तिला तिसऱ्याने भागून नवंच माप काढी, म्हणजे जुन्या काचा त्यावर मोजलेल्याच नसत. मग ती जुनी कोष्टकं घेऊन बसे आणि त्या मापाने एकेक काच स्वतः मोजून काढी. नवी फूटपट्टी आणली म्हणून जुनं टेबल नवं होत नाही, असं ती नव्याने लागलेल्या परीक्षकांना शिकवायची.

हीच चाळणी ती घरीही लावायची. लेकीने उशिरा येण्याचं कारण सांगितलं की ती शांतपणे म्हणायची, "हेच तू मागच्या वर्षी घटक चाचणीच्या आदल्या दिवशी सांगितलं होतंस." नवऱ्याने कौतुकाने काही सुचवलं, की ते त्याला आधी कधी सुचलं होतं ते तिला आठवायचं. घरात कुणी नवीन काही करायला धजत नसे, हे खरं.

म्हणून बुधवारी दीर न कळवता दारात उभा राहिला तेव्हा तिने मनातल्या मनात शोध सुरू केला. हा दुसऱ्या शहरात खिडक्यांच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात होता, भट्टीवर. सव्वीस वर्षांची नोकरी, लग्नाच्या भानगडीत पडलेला नाही, वर्षातून एकदा येणार, तेही आधी तीन वेळा कळवून. "रजा साठली होती," तो म्हणाला. रजा त्याची दर वर्षी साठायची. आईसाठी त्याने गुडघ्याचा पट्टा आणला होता, पुतणीसाठी पेन. आणि वहिनींसाठी भोपळा. चांगला चार किलोचा, पिवळाधमक. या घरात भोपळा कुणी तोंडात घेत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

गुरुवारी संध्याकाळी त्याने पुतणीला अभ्यासाला बसवलं. सून तिच्या कामाच्या खोलीत होती. आठवड्यातले दोन दिवस ती घरून काम करायची. दार उघडं होतं. त्याने ओट्यावरचा वजनकाटा हॉलमध्ये आणला, भोपळा आणला, नऊ लिंबं मांडली.

"एकूण नग दहा. त्यात भोपळा किती टक्के?"

"दहा टक्के. काका, हे मला पाचवीपासून येतं."

"बरं, आता वजन कर."

लेकीने कंटाळत वजन केलं. भोपळा चार किलो, लिंबं सगळी मिळून अर्धा किलोसुद्धा नाही.

"आता भोपळा किती?"

"नव्वद."

"भोपळा तोच, लिंबं तीच. मग दहा खरं की नव्वद?"

"दोन्ही खरं. मोजून की वजनाने, ते आधी बघायचं."

"शाब्बास," तो म्हणाला. "कशाने मोजलंय ते आधी बघावं." आणि हे तो पुतणीकडे न बघता, उघड्या दाराकडे तोंड करून, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाला.

तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने उठून दार लोटून घेतलं.

शनिवारी सकाळी तिने कपडे धुवायला काढले. मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे उलटे करायची तिची सवय होती. दिराच्या पॅन्टच्या मागच्या खिशात गळ्यात अडकवायची पट्टी होती आणि पट्टीला ओळखपत्र. फोटो त्याचाच, नाव त्याचंच. कारखाना मात्र खिडक्यांचा नव्हता. ओळखपत्रावर जे नाव होतं, तेच नाव तिच्या टेबलाच्या खणातल्या फाइलवर अर्जदार म्हणून होतं. नोकरीला लागल्याची तारीख नऊ महिन्यांपूर्वीची.

मशीनमध्ये पाणी भरून संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. त्या फाइलवर तीन महिन्यांपूर्वी तिचं पहिलं पत्र गेलं होतं: अमुक शब्द संदिग्ध आहेत, ते सुधारा, नावीन्य खोडणारा आधीचा कागद मात्र आढळला नाही. अर्जदाराने शब्द सुधारून पाठवले होते. सोमवारी तिने अंतिम मत द्यायचं होतं, आणि ते मान्यतेचंच असणार होतं. अशा वेळी अर्जदाराचा माणूस चार दिवस परीक्षकाच्या घरी, परीक्षकाच्या कामाच्या खोलीत, तिच्या खणापासून दोन हातांवर गाढ झोपत होता. नोकरी बदलल्याचं त्याने सख्ख्या आईलाही सांगितलं नव्हतं. तो काय करायला आला होता? गोड बोलायला? खण उघडायला? की सोमवारी मान्यता नक्की मिळतेय ना, एवढीच खात्री करायला?

दीर तोंड धुवायला गेला होता. तिने त्याची बॅग, चप्पल आणि उशी बाहेर ठेवली आणि दाराला कुलूप घातलं.

आता चहाच्या टेबलावर सासूबाई चौथ्यांदा तोंड उघडणार, तेवढ्यात तिने पर्समधून ओळखपत्र काढलं आणि बशीशेजारी ठेवलं.

"हे तुमच्या खिशात होतं, भावजी."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. सासूबाईंनी ते डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. "नोकरी बदललीस? आणि मला सांगितलं नाहीस?"

"नऊ महिने झाले," दीर म्हणाला.

"फाइल माझ्याकडे आहे हे तुम्हाला कधी कळलं?" सुनेने विचारलं.

"तुमचं पत्र आलं तेव्हा. खाली तुमची सही होती. आमच्या हापिसात सगळे खूश झाले. मला घाम फुटला."

"का?"

त्याने उशीची शिवण बोटाने चाचपली. "वहिनी, आतलं बाहेर बोलणार नाही, असं मी लिहून दिलंय. तुम्ही विचारू नका, मी सांगत नाही." मग म्हणाला, "बाहेर जे छापून पडलंय ते कुणीही वाचावं. त्याला माझी काय हरकत?"

आणि त्याने ओट्यावरच्या भोपळ्याकडे बघितलं.

ती उठली, कुलूप काढून खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

प्रत्येक परीक्षकाची एक यादी असते, बघून बाजूला ठेवलेल्या कागदांची. या फाइलच्या यादीत एक्केचाळीस कागद होते आणि प्रत्येकापुढे तिने एका ओळीत कारण लिहिलेलं होतं. ती ओळीवरून बोट फिरवत गेली. एकोणिसावा कागद: काच-कारागिरांच्या एका संघटनेची तेवीस वर्षांपूर्वीची पत्रिका, बारा काचांचं कोष्टक. पुढे तिचंच कारण: 'लॅन्थॅनम फार कमी, पंधराच्या पुढे नाही.'

तिने ती पत्रिका पुन्हा उघडली. कोष्टकाखाली, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती. आकडे मोल टक्क्यांत, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे वजनाने नव्हे. मोजून, कण किती ते. लॅन्थॅनम हा जड गडी. मोजून पंधरा असला तरी वजनाने कितीतरी जास्त भरणार.

भोपळा आणि लिंबं.

तिने कागद ओढला आणि हाताने आकडेमोड केली. गणकयंत्रावर तिचा आज विश्वास नव्हता. सातव्या क्रमांकाच्या काचेत लॅन्थॅनम पंधरा होतं, त्याचे झाले त्रेचाळीस पूर्णांक सहा. बोरॉन पन्नास होतं, ते उतरलं एकतीसवर. जस्त, वाळू, राहिलेलं सगळं तिने एकेक करून बघितलं. पाचही घटक कुंपणांच्या आत, अगदी मधोमध. तेवीस वर्षांपूर्वी ही काच कुणीतरी बनवली होती, छापली होती, आणि तिने ती हातात घेऊन बाजूला ठेवली होती. नव्या परीक्षकाने असली चूक केली असती तर तिने त्याला दिवसभर एकके लिहायला बसवलं असतं.

लेखाच्या शेवटी आभार होते. भट्टीवर मदत केल्याबद्दल तिघांचे. तिसरं नाव दिराचं.

ती बाहेर आली तेव्हा सगळे होते तिथेच बसले होते. फक्त लेकीने आणखी एक पेला दूध घेतलं होतं.

"सातवी?" तिने विचारलं.

दिराने मान हलवली. छापलेल्या काचेचा नंबर तिच्या तोंडून आल्यावर त्याच्या तोंडावरची कडी निघाली. सव्वीस वर्षांत तो सगळा काळ खिडक्याच बनवत नव्हता. मधली दीड वर्षं तो एका उस्तादाच्या छोट्या कारखान्यात शिकायला होता. उस्ताद काचेचे घटक वजनाऐवजी मोजून मांडायचा, तशी त्याची पद्धत, आणि पत्रिकेतला तो लेख त्याचाच. उस्ताद गेला, पण कारखाना त्याची मुलगी चालवत होती. आठ माणसं, एक भट्टी, आणि शाळांच्या सूक्ष्मदर्शकांसाठी अजून तीच सातवी काच. नव्या कंपनीने दिराला बोलावलं ते याच हाताच्या कसबासाठी. त्याने काच ओतून दाखवली, आणि महिन्याभरात अर्ज तयार झाला, संशोधक म्हणून मोठ्या साहेबांचं नाव. ही काच जुनी आहे, हे त्याने साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले, परीक्षकाला सापडली नाही, म्हणजे नाही. पेटंट हातात आलं की पहिली नोटीस उस्तादाच्या मुलीला जाणार होती, भट्टी बंद करा म्हणून.

"उघड बोललो असतो तर नोकरी गेली असती," तो म्हणाला. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हीच मला हाकललं असतं. म्हटलं, पत्रिका बघूनही सुटली असेल तर मोजण्यातच सुटली असेल, इशारा देऊन बघावा."

सुनेचा संशय इतक्यात उठून जाणारा नव्हता. "अर्जावर तुमचं नाव नाही म्हणून तर हे चाललेलं नाही ना?"

"राग आहेच की," दीर म्हणाला. "पण माझ्या रागाने काच जुनी झालेली नाही. ती आधीचीच जुनी आहे."

तिनेच दिलं असतं असं ते उत्तर होतं.

नवऱ्याने वर्तमानपत्राची घडी केली. तो सीमारेषेच्या अलीकडे आला, हे घरात वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं. त्याचं म्हणणं असं, की यात एवढं डोकं खाजवण्यासारखं काय आहे? पत्रिका तिच्याच यादीत होती. दुसऱ्यांदा बघताना चूक लक्षात आली, एवढं लिहायचं. अर्ज फेटाळला जाईल, भट्टी वाचेल, धाकट्याची नोकरीही वाचेल. भोपळ्याचा उल्लेख सरकारी कागदात करायची गरज काय?

"भोपळ्याने काय सही केलीय?" सासूबाई म्हणाल्या. कुलपाचा राग अजून उतरला नव्हता, पण लेकाची नोकरी त्याहून मोठी होती. "आणि खोटं तरी काय आहे त्यात? सापडलं ना तुलाच?"

सापडलं होतं, तिलाच. पण इशाऱ्याशिवाय सापडलं असतं का? ती टेबलावरचे पेले गोळा करत स्वतःलाच तपासत राहिली. पत्रिका एकदा हातात आली होती आणि निसटली होती. सोमवारी ती मान्यता देऊन मोकळी झाली असती. ही शंका तिला दुसऱ्या कुणाबद्दल आली असती, तर तिने ती सोडली नसती.

आणि पुढचंही तिला दिसत होतं. आज ना उद्या कंपनीला कळणार, परीक्षकाचा दीर आपल्याच भट्टीवर आहे, आणि बुधवार ते शनिवार तो तिच्याच घरात होता. मग सातव्या काचेचं कुणी नावही काढणार नाही. सगळे तिच्याबद्दल बोलतील. फेटाळलेला अर्ज पुन्हा उभा राहील, आणि खरा असलेला कागद एका लपवलेल्या भोपळ्यामुळे संशयाचा ठरेल. काच स्वच्छच राहायला हवी होती. ती अशाच कुणीतरी बघायला हवी होती, ज्याचा कुणी दीर नाही.

तिने पेले धुतले, पुसले, फळीवर उपडे घातले. मग भोपळा उचलून विळीशेजारी ठेवला. आज तो चिरायचाच होता. कुणी खावो न खावो.

"काय ठरवलंस?" नवऱ्याने विचारलं.

ती पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सोमवारी मी फाइल परत करतेय. दीर अर्जदाराकडे नोकरीला आहे आणि चार दिवस माझ्या घरी होता, हे कारण लिहिणार. एकोणिसावा कागद मी चुकीने बाजूला ठेवला, त्यातली सातवी काच वजनात करून बघा, तेही लिहिणार. आणि चूक कुणी दाखवली, कशी दाखवली, तेही. दुसरा परीक्षक निकाल देईल. भावजी, तुमची नोकरी जाईल. दुसरी मिळेपर्यंत तुम्ही इथेच राहायचं. झोपायचं हॉलमध्ये. खोलीचं कुलूप राहील."